कार्डाची मागची बाजू

"सिस्टर, नुसती मान हलवा. हो की नाही?"

पासवर्ड, म्हणजे आमचा कॉम्प्युटरवाला, माझाच मोबाइल माझ्या नाकासमोर धरून उभा होता. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत धुतलेले, छातीसमोर वर धरलेले, आणि बोटांवरचं पाणी कोपराकडे ओघळत होतं. अशा अवस्थेत आम्हाला कशालाही हात लावायची सोय नसते. नाकावर माशी बसली तरी ती आपणहून उठेपर्यंत वाट बघायची. वर मास्कमधल्या वाफेने चष्मा धुरकट झालेला, त्यामुळे मोबाइलवर काय लिहिलंय ते मला दिसतही नव्हतं.

"काय विचारतंय ते वाचा तरी."

"या यंत्रावरचे फोल्डर आणि सेटिंग्ज इतर यंत्रांवर घ्यायच्या का, असं विचारतंय. तुमच्याकडे फोल्डर दोनच आहेत. घेऊ ना सगळं?"

"घ्या हो, घ्या. आत पेशंट टेबलावर आहे. सगळं घ्या आणि मला सोडा."

त्याने अंगठा टेकवला. मी पाठीने दार ढकलून आत गेले आणि पुढचे अडीच तास माझ्या डोक्यात त्या मोबाइलचा विचारही आला नाही.

त्या पासवर्डचं खरं नाव मला कधीतरी माहीत असेल, आता आठवत नाही. चाळिशी उलटलेला, टक्कल पडलेला, पाठीवर कायम काळी सॅक. हॉस्पिटलात कुणालाही भेटला की पहिला प्रश्न, 'पासवर्ड काय ठेवलाय?' त्यावरून नाव पडलं आणि तोही त्या नावाला ओ देऊ लागला. गेला आठवडाभर तो माझ्या मागे हात धुऊन लागला होता. तिन्ही ऑपरेशन थिएटरांच्या भिंतींवर एकेक टॅबलेट आला होता, स्टोअरमध्ये कॉम्प्युटर होताच, आणि माझ्या मोबाइलमधल्या नोंदी या सगळ्यांत जाऊन बसायच्या होत्या. एका जागी बदल केला की पाचही जागी आपोआप होणार. वरूनच हुकूम आला होता. इन्चार्ज सिस्टर दीड वर्षाने रिटायर होतायत, त्यांच्या डोक्यातलं त्याआधी उतरवून घ्या. हुकूम वाचला तेव्हा मला आपण एखादं जुनं कपाट आहोत असं वाटलं होतं.

या नोंदी म्हणजे काय ते सांगते. आमच्याकडे प्रत्येक सर्जनचं एक कार्ड असतं. हातमोजे किती नंबरचे, दोरा कुठला, सुरी कुठल्या मापाची, टेबलाच्या कुठल्या बाजूला उभे राहतात, गाणी चालतात की नाही. ते बघून सिस्टर ट्रॉली लावते. ही झाली पुढची बाजू. ती शाईने लिहायची. मागची बाजू पेन्सिलीने लिहायची आणि ती सिस्टरने फक्त सिस्टरला दाखवायची. मी नवीन होते तेव्हाच्या इन्चार्जबाईंनी मला तो लोखंडी डबा दिला आणि म्हणाल्या, "पुढच्या बाजूने ट्रॉली लागते, मागच्या बाजूने दिवस निघतो." पेन्सिल कशासाठी, तर माणूस सुधारला की खोडता यावं. एकतीस वर्षांत मी तीनदा खोडरबर वापरलं.

मागच्या बाजूला असायचं ते असं. भूलतज्ज्ञांना सकाळी नऊच्या आधी प्रश्न विचारू नये. हाडांचे डॉक्टर चुकले की गाणं गुणगुणतात, गाणं सुरू झालं की जास्तीचा सेट उघडून ठेवावा. कानाचे डॉक्टर ओरडले तर लक्ष देऊ नये, घरी भांडून आलेले असतात.

चार वर्षांपूर्वी लेक सुट्टीला आली होती तेव्हा तिने ती सगळी कार्डं मोबाइलमध्ये उतरवून दिली. "आई, ॲपमध्ये पानाला मागची बाजू नसते गं," ती म्हणाली आणि तिने दोन फोल्डर केले, एक 'पुढची बाजू', एक 'मागची बाजू'. माझे डोळे बघून अक्षरंही एवढी मोठी करून ठेवली की पडद्यावर जेमतेम सहा ओळी मावत. ते एक बरं केलं तिने. बस हलत असली तरी मला वाचता यायचं.

आता मोठे डॉक्टर. चौसष्ट वर्षांचे, उंच, थोडे वाकलेले. मी नोकरीला लागले तेव्हा ते या हॉस्पिटलातले सगळ्यांत तरुण सर्जन होते आणि मी सगळ्यांत घाबरट सिस्टर. वीस वर्षांपूर्वी एकदा पोट शिवायच्या आधी मी गॉजचे तुकडे मोजले आणि बरोबर आहेत म्हटलं. त्यांनी पहिला टाका घातला आणि माझ्या लक्षात आलं, ट्रेमध्ये एक कमी होता. मी कसंबसं सांगितलं. त्यांनी टाका कापला, पोट पुन्हा उघडलं आणि पाऊण तास तो तुकडा शोधला. मिळाला. कुणाचं मोजणं चुकलं हे त्या खोलीत त्यांनी विचारलं नाही, बाहेर गेल्यावरही नाही. माझी लेक तेव्हा सहा वर्षांची होती आणि घरी यांची, माझ्या मिस्टरांची, नोकरी सुटलेली होती.

सव्वादोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरताना मी पहिल्यांदा पाहिला. अगदी थोडासा, तासाभराने, दमल्यावर. समोर उभं राहून त्यांच्या तळहाताकडे बघत बसणं हेच माझं काम, त्यामुळे ते मलाच आधी दिसणार. मी काय केलं? यादी मीच लिहिते, म्हणून लांबच्या केस त्यांच्या नावावर टाकणं बंद केलं. मदतीला छोटे डॉक्टर असतील असं बघितलं. छोटे म्हणजे सेहेचाळीस वर्षांचे, हात सोन्यासारखा, पण मोठे आहेत तोवर ते छोटेच. आणि मागच्या बाजूला लिहिलं:

'मोठे डॉक्टर. तासाभरानंतर उजवा हात थरथरतो. तेव्हापासून नीडल होल्डर तळव्यात दाबून द्यावा, सुटा देऊ नये. न विचारता स्टूल सरकवावे. शेवटचे टाके छोटे डॉक्टर घालतील अशी वेळ आणावी. दीड तासावरची केस देऊ नये. त्यांना कळू देऊ नये.'

चूक की बरोबर, हे मी स्वतःला रोज विचारत होते. दोन महिन्यांपूर्वी एक टाका भलत्याच जागी जाता जाता राहिला. मी दिवा सरकवायचं निमित्त केलं, तेवढ्यात छोट्यांनी सुई हळूच स्वतःकडे घेतली. काही बिघडलं नाही, तो पेशंट पाचव्या दिवशी चालत घरी गेला. पण ते पाचही दिवस मी ड्यूटी संपल्यावर त्याच्या वॉर्डात जाऊन त्याचा ताप बघत होते.

तर त्या दिवशी अडीच तासांनी मी एक नंबर थिएटरमधून बाहेर आले. पायांच्या शिरा ठसठसत होत्या. चहाच्या खोलीत बूट काढून पाय समोरच्या खुर्चीवर टाकले आणि डोळे मिटले, तोच हसण्याचा आवाज आला. हाडांचे डॉक्टर आणि कानाचे डॉक्टर दारात उभे.

"काय सिस्टर, मी गाणं म्हटलं की जास्तीचा सेट उघडता होय?" हाडांचे डॉक्टर म्हणाले. "मला वाटायचं माझा आवाज आवडतो तुम्हाला."

"आणि मी घरी भांडून येतो?" कानाचे डॉक्टर म्हणाले. "बायकोला फोटो पाठवलाय. ती म्हणते, सिस्टरांना जेवायला बोलवा."

मी पाय खाली घेतले. "कुठे वाचलंत?"

"कुठे म्हणजे? तीन नंबरच्या भिंतीवर. एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय की कॉरिडॉरमधून दिसतं."

त्या क्षणी मला सगळं उलगडलं. सगळं घ्या म्हटलं होतं मी. त्याने दोन्ही फोल्डर घेतले होते, आणि सेटिंग्जबरोबर माझी म्हातारीची अक्षरंसुद्धा. दोन नंबरमध्ये मोठ्या डॉक्टरांची केस लागली होती, पाऊण तासाची. मी यादी लिहितानाच बघून लिहिली होती. बूट न घालताच मी बाहेर पळाले.

पासवर्ड स्टोअरमध्ये कॉम्प्युटरपुढे बसून डबा खात होता.

"ते मागच्या बाजूचं काढा. आत्ता. सगळीकडून."

"का, काय झालं? मस्त चाललंय की. लोक वाचतायत."

"तेच काढायचंय!"

माझा चेहरा बघून त्याने डब्याचं झाकण लावलं. "हे बघा, तुमच्या मोबाइलवरून काढलं की सगळ्या ठिकाणचं जाईल. तुमच्याकडेही राहणार नाही. चालेल?"

चार वर्षांचं, त्याच्या आधीचं, इन्चार्जबाईंच्या वेळचंसुद्धा सगळं जाणार होतं; कागदी कार्डं केव्हाच रद्दीत गेली होती. "चालेल," मी म्हटलं आणि फोल्डर काढून टाकला. कॉम्प्युटरवरून तो माझ्या डोळ्यांदेखत गेला. पासवर्ड उठून एक आणि तीन नंबरमध्ये डोकावून आला. तिथलाही गेला होता.

"दोन नंबर?"

त्याने टक्कल खाजवलं. "तिथे घोळ आहे. दोन नंबरच्या भिंतीत एक्स-रेसाठी शिशाचा पत्रा आहे ना, आत नेटवर्क पोचत नाही. टॅबलेट सकाळी बाहेर चार्जिंगला होता तेव्हा त्याने सगळं घेतलं. आता आत टांगलाय. बाहेर आणेपर्यंत त्याला काही कळणार नाही."

म्हणजे माझं लिहिलेलं सगळीकडून पुसलं गेलं होतं आणि जिथून पुसायला हवं होतं तिथेच तेवढं राहिलं होतं. मी तशीच अनवाणी दोन नंबरकडे धावले.

दोन नंबरच्या बाहेर रेडिओ उभी होती. ही माझ्यानंतरची जुनी सिस्टर. सकाळी ड्यूटीवर आली की तिचं तोंड सुरू होतं ते ड्यूटी संपल्यावरच बंद होतं, म्हणून रेडिओ. त्या दिवशी ती गप्प उभी होती.

"मी ट्रॉली लावायला त्यांचं नाव शोधलं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "दोन पानं आली. मी भलतंच उघडलं, सिस्टर. ते माझ्या मागेच उभे होते. मला कळलंच नाही."

"आणि?"

"मला म्हणाले, तुम्ही जरा बाहेर थांबा."

मी आत गेले. मोठे डॉक्टर टॅबलेटसमोर उभे होते. डोक्याला टोपी, मास्क गळ्यात, चष्मा कपाळावर. माझी चाहूल लागली तरी त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

"अक्षरं चांगली मोठी केलीत, सिस्टर. चष्मा लागला नाही."

मी मागचं दार लावून घेतलं.

"तुमचंच लिहिलेलं आहे ना?"

"हो, सर."

"किती दिवस झाले?"

"दोन वर्षं तीन महिने."

"तारीखसुद्धा असेल तुमच्याकडे."

"आहे."

त्यांनी मान हलवली. "छोट्यांना माहीत आहे?"

"असावं. आम्ही कधी बोललो नाही."

"आणि भूलतज्ज्ञांना?"

"ते मॉनिटरकडे बघतात. पण आता त्यांनीही ओळखलं असेल."

"म्हणजे सगळ्यांनाच माहीत आहे." ते वळले. "आणि मी आपला समजत होतो, लपवणारा मी एकटाच आहे. घरी शर्टाची बटणं बायको लावते माझी. तिला सांगितलंय, सांधे दुखतात."

एवढं बोलल्यावर त्यांचा आवाज चढला. तो आवाज मी एकतीस वर्षांत दोन-तीनदाच ऐकला होता.

"तुम्ही मला सांगायला हवं होतं, सिस्टर. टेबलावर माणूस झोपलेला असतो. त्याला बिचाऱ्याला काय माहीत तुम्ही दिवा हलवताय, स्टूल सरकवताय? तुमच्या भरवशावर माझा हात चालला होता. एक दिवस तुम्ही रजेवर गेला असतात, तर?"

"मी दोन वर्षांत रजा घेतली नाही, सर."

त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"तुमच्या मुलीचं बाळंतपण झालं ना मध्ये?"

"रविवारी जाऊन आले. सोमवारी तुमची केस होती."

त्यांनी भिंतीला लावलेलं स्टूल स्वतःच ओढून घेतलं आणि खाली बसले. मला वाटलं ते आणखी रागावतील. पण ते गुडघ्यावर ठेवलेल्या उजव्या हाताकडे बघत होते, आणि हात त्या वेळी अगदी स्वस्थ होता. मला स्वतःचीच लाज वाटली. आपण या माणसाला सांभाळतोय असं मी इतके दिवस समजत होते आणि त्याच्या भोवतीचे सगळे मिळून त्याच्याशी खोटं वागत होतो, त्यात मी सगळ्यांत पुढे.

"पेशंट आला?"

"बाहेर आहे, सर. पाऊण तासाची केस आहे."

"माहीत आहे. तुम्ही लिहिलीय म्हणजे पाऊण तासाचीच असणार." ते उठले. "छोट्यांना बोलवा. म्हणावं, केस तुम्ही करा. मी समोर उभा राहतो. पेशंटला मी स्वतः सांगून येतो."

मी छोट्यांना बोलवायला निघाले तेव्हा ते पुन्हा टॅबलेटकडे वळले होते आणि एका बोटाने सावकाश काहीतरी टाइप करत होते.

त्या दिवशी ते डाव्या बाजूला उभे राहिले, मदतनिसाच्या जागी. छोट्यांनी हात पुढे केला आणि माझा हात सवयीने पहिली सुरी घेऊन मोठ्या डॉक्टरांकडेच गेला. मोठ्या डॉक्टरांनी काही न बोलता डोळ्यांनी 'तिकडे' म्हटलं. छोट्यांच्या कपाळावर घाम होता. केस बत्तीस मिनिटांत झाली.

संध्याकाळी घरी आले. हे दार उघडून पुन्हा आपल्या खुर्चीत जाऊन बसले. मी बादलीत गरम पाणी घेतलं, मीठ टाकलं, पाय सोडले आणि यांना सगळं सांगितलं. हे फारसे बोलत नाहीत. "बरं झालं," एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तुझंही ओझं उतरलं."

तेवढ्यात मोबाइल वाजला. रेडिओने दोन नंबरचा टॅबलेट चार्जिंगला कॉरिडॉरमध्ये आणून लावला असणार. पडद्यावर लिहिलं होतं, 'ही नोंद तुम्ही या यंत्रावरून काढली आहे. दुसऱ्या यंत्रावर तिच्यात बदल झाला आहे. कोणती ठेवायची?'

मी लेकीला फोन लावला. मागे बाळ रडत होतं.

"आई, सोपं आहे. काढलेली ठेवलीस तर ती कायमची गेली. बदललेली ठेवलीस तर पुन्हा पाचही ठिकाणी येईल. आधी बदल काय आहे तो वाच ना."

मी वाचला.

'मोठे डॉक्टर. पस्तीस मिनिटांनंतर उजवा हात थरथरतो. शस्त्रक्रिया छोटे डॉक्टर करतील. हे डावीकडे उभे राहतील. न विचारता स्टूल सरकवावे. त्यांना कळले आहे.' खाली, ऑपरेशनच्या कागदावर करतात तशी तारीख, वेळ आणि पूर्ण नाव. आणि त्याच्याही खाली, 'सिस्टर, हे पुढच्या बाजूला घ्यावे.'

तास नव्हता, पस्तीस मिनिटं होती. म्हणजे मी समजत होते त्याच्या किती आधीपासून तो हात थकत होता, आणि त्यांनी तो माझ्यापासूनही लपवला होता. मला रडू आलं. हे उठून आले, पण काय करावं ते न कळून बादलीतलं पाणी गार झालंय का तेवढं बघितलं.

"आई, आहेस का?" लेक विचारत होती. "कुठली ठेवलीस?"

अजून ठेवली नव्हती. बोट पुढे जाईना. 'काढलेली' म्हटलं की संपलं. फार तर चार माणसांनी वाचलं असेल, चौघं विसरून गेले असते, मोठ्या डॉक्टरांना मानाने निवृत्तीचा निरोप मिळाला असता, हार, भाषण, सगळं. 'बदललेली' म्हटलं की उद्या सकाळी तिन्ही थिएटरांत, स्टोअरमध्ये, जाता-येता जो तो वाचणार. पण त्यांनी विचारून ठेवलं नव्हतं. सांगून ठेवलं होतं. त्यांना न सांगता मी काही केलं, असं या एकतीस वर्षांत फक्त त्या एका कार्डापुरतं झालं होतं.

मी 'बदललेली ठेवा' दाबलं. मग लेकीला विचारून विचारून ती नोंद उचलली आणि पुढच्या बाजूला नेऊन ठेवली. चाक थोडा वेळ फिरलं आणि थांबलं.

"रजा टाक आता," हे म्हणाले. "बाळ बघून येऊ."

"सोमवारी एक केस आहे. ती झाली की टाकते."

सोमवारी मोठे डॉक्टर नेहमीसारखे पावणेआठला आले. कॉरिडॉरमधल्या लोकांनी त्यांना नेहमीपेक्षा जास्त वाकून नमस्कार केला, ते मला आवडलं नाही. त्यांनी कुणाकडे लक्ष दिलं नाही. घड्याळ लावून पूर्ण पाच मिनिटं हात धुतले, गाऊन चढवला आणि डावीकडे येऊन उभे राहिले. छोट्यांनी केस सुरू केली. मी मोठ्या डॉक्टरांच्या हातात रिट्रॅक्टर दिला, म्हणजे कापलेली जागा उघडी धरायचा तो वाकडा पट्टा. नवशिक्या डॉक्टरांना पहिल्या वर्षी देतात ते काम. त्यांनी तो नीट धरला.

मी घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि दर दोन मिनिटांनी बघत होते. अर्धा तास झाला. रेडिओने स्टूल आणून त्यांच्या मागे ठेवलं. माझा हात आपोआप ट्रेवरून उचलला गेला. काहीतरी निमित्त काढावं, दिवा सरकवावा, पट्टा हलकेच आपल्याकडे घ्यावा, असं सगळं मनात येऊन गेलं. मी हात पुन्हा खाली ठेवला. रिट्रॅक्टरचं टोक हलायला लागलेलं मला दिसत होतं, छोट्यांनाही दिसत असणार, पण ते मान वर करत नव्हते.

"सिस्टर," मोठे डॉक्टर म्हणाले. खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "माझा हात थरथरतोय. हे तुम्ही धरा."

भूलतज्ज्ञांनी मॉनिटरवरून नजर काढली. मी पुढे झाले आणि रिट्रॅक्टर धरला. त्यांचा हात माझ्या हाताखालून सुटला. ते एक पाऊल मागे झाले, स्टुलावर बसले आणि शेवटचा टाका होईपर्यंत तिथून उठले नाहीत.